डावीकडे वळणारी गाडी

मी गाडी शिकले ती निमगाव सावाच्या कॅनॉलकडेच्या कच्च्या रस्त्यावर. पहिल्याच दिवशी माझा असा समज झाला की मोटार सरळ न्यायची असेल तर स्टिअरिंग जरा उजवीकडे धरायचं असतं. नवऱ्यानेच तसं सांगितलं होतं. "जरासं उजवीकडं दाबून धर, मंग सरळ जाती," तो म्हणाला. मी धरलं आणि गाडी सरळ गेली. शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. माझं माहेर डिंभ्याचं. वडील धरणात मासे धरायचे, त्यामुळे मला होडी वल्हवता येत होती. त्यापलीकडे चालवायची म्हणून कुठली वस्तू माझ्या हातात आली नव्हती. वारा असला की होडीलाही एका अंगाला धरून ठेवावं लागतं. हेही तसंच असेल, असं मला वाटलं.

तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे, बोअरचे पंप जळाले की लोक त्याच्याकडे यायचे, आणि उन्हाळ्यात तर त्याला तांब्याच्या तारेतून मान वर काढायला फुरसत नसायची. वस्तीवस्तीवरून पंप आणायला म्हणून त्याने एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. लांबुडकी, चौकोनी तोंडाची, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेली. मागची सीट काढून टाकली आणि तिथे गोणपाट अंथरलं. तो दुकान सोडू शकत नव्हता, म्हणून पंप आणायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. सून गाडी चालवणार हे कळल्यावर पंप उतरवायला माणूस कोण असणार, एवढंच त्यांनी विचारलं.

ती गाडी मला कधी नीट समजली नाही. डाव्या वळणावर ती जरा हात लावला की वळायची, कधी कधी मी सांगितल्यापेक्षा जास्तच. मागचं ढुंगण सरकन बाहेर जायचं आणि खडी उडायची. उजव्या वळणावर मात्र स्टिअरिंग फिरवलं तरी ती पुढे पुढेच जात राहायची, म्हशीला पाण्यातून बाहेर काढताना ती जशी अडून बसते तशी. घोडेगावाकडून डिंभ्याला जाताना वळणावळणाचा रस्ता लागतो. तिथे प्रत्येक उजव्या वळणावर माझी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, गटाराच्या तोंडाशी जायची. मला वाटायचं माझाच उजवा हात कमजोर आहे. रोज दळण कांडण करणारा माझा हात कमजोर कसा, हे कोडं होतं. पण नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, जुनी गाडी आहे, तिला तिची खोड आहे.

मग ती शर्यत आली. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड पूर्वीपासूनचं. त्यात पुण्याकडे मातीवर पळणाऱ्या मोटारींचा खेळ बघून आलेल्या काही पोरांनी ठरवलं की आपणही करायचं. कांदा निघाल्यावर वरचा माळ मोकळा असायचा. तिथे पिंपं मांडून त्यांनी एक वाटोळा रस्ता आखला आणि धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं. एका वेळी एकच गाडी सोडायची, तिने तीन फेऱ्या मारायच्या, आणि हायस्कूलचे पीटीचे सर घड्याळ लावणार. लोक बांधावर बसणार होते. त्यांना ड्रायव्हरची बाजू नीट दिसावी म्हणून फेऱ्या डाव्या अंगाने ठेवल्या, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडचं.

नवरा हौसेखातर उतरला. बाकी बहुतेक जीपा होत्या. त्या वळणावर आल्या की रुसल्यासारख्या सरळ जायच्या, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवून फिरवून दमायचे. आमची गाडी मात्र वळणाच्या आधीच शेपूट सोडायची आणि नाक आत घालून भिंगरीसारखी फिरायची. तो पहिला आला. कुणाचा विश्वास बसला नाही. माझा बसला नाही आणि, त्याच्या तोंडाकडे बघून सांगते, त्याचाही बसला नाही. त्या रात्री जेवताना तो म्हणाला की आपल्याला गाडी चालवता येते हे आपल्याला आजच कळलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा कॅनॉल फुटून आमच्या रस्त्यावर चिखलाचा पातळ थर साचला. मी त्यावरून पंप घेऊन आले, गाडी उभी केली आणि सहज मागे बघितलं. चिखलात चार रेघा होत्या. सरळ जाणाऱ्या गाडीच्या दोन रेघा उमटतात, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जातात. मला वाटलं आधी दुसरी गाडी गेली असेल. पण चारही रेघा ताज्या होत्या आणि माझ्या गाडीपाशी येऊन संपत होत्या. मागच्या चाकांच्या रेघा पुढच्यांच्या जरा उजवीकडून आल्या होत्या. मी खाली बसून कितीतरी वेळ त्या बघत राहिले. एकाच गाडीची पुढची चाकं एका वाटेने आणि मागची दुसऱ्या वाटेने कशी जातील?

मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "कुत्रं पळतं तसं हाये हे. तोंड एकीकडं, अंग एकीकडं. बैलगाडीचा आख वाकडा बसला की ती बी अशीच जाती."

नवऱ्याने ऐकलं, पण हात लावायला तयार होईना. जिंकलेली गाडी कोण खोलतं, असं त्याचं म्हणणं. पण मागचे टायर एका बाजूने घासून आतल्या तारा दिसायला लागल्या तेव्हा त्याला खोलावीच लागली.

आमच्या घरापुढे सिमेंटचा ओटा आहे. त्यावर गाडी उभी करून आम्ही तिघांनी मापं घेतली. मामांकडे गवंड्याचा ओळंबा होता. तो प्रत्येक चाकाच्या मध्यापाशी सोडून खाली खडूने खुणा केल्या, मग गाडी ढकलून बाजूला नेली आणि खुणांमध्ये दोरी धरली. डावीकडचं पुढचं आणि मागचं चाक यांच्यातलं अंतर उजवीकडच्यापेक्षा चांगलं अंगठ्याएवढं कमी भरलं. मी दोरी उलटसुलट धरून बघितली. माप तेच.

मग नवरा खाली झोपला आणि तिथूनच मला समजावत गेला. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड आडवा तुकडा, तो अॅक्सल. तो गाडीच्या पोटाला चार लोखंडी दांड्यांनी धरलेला असतो, आणि या दांड्यांना लिंक म्हणतात. त्यातल्या खालच्या दोन लांब लिंक पुढून मागे जातात. दोन्ही सारख्या लांबीच्या असल्या की अॅक्सल काटकोनात बसतो. आमच्या गाडीची डावी लिंक कुणीतरी कापून परत वेल्डिंगने जोडली होती आणि ती आखूड झाली होती. त्यामुळे डावं चाक पुढे ओढलं गेलं होतं आणि मागची दोन्ही चाकं उजवीकडे तोंड करून चालत होती. मागचं अंग उजवीकडे गेलं की नाक डावीकडे येणारच. एवढं मला कळलं. म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता. नारायणगावच्या एका वर्कशॉपमधून नवी लिंक करून आणली, उजवीच्या मापाची. पुन्हा दोरी धरली तर दोन्ही अंतरं सारखी. मामांनी स्वतः बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली आणि सरळ रस्त्यावरून थेट उजवीकडे शेजाऱ्यांनी गुरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात नेली. हात सवयीने उजवीकडे दाबलेले होते. नीट झालेली गाडी मी सांगितलं तिकडे गेली, इतकंच. शेजारी म्हणाले, "वहिनी, रस्ता तिकडं हाये." मी गाडी मागे घेतली, आणि पुढचे कितीतरी दिवस सरळ गाडी सरळ चालवायला शिकत होते. उजव्या वळणावर मी घाबरून आधीच खूप वळवायची आणि आतल्या बांधाला घासायची. डाव्या वळणावर शेपूट येईल म्हणून वाट बघायची, आणि ते यायचंच नाही. जे चुकीचं होतं ते माझ्या हातांना बरोबर वाटत होतं आणि जे बरोबर ते चुकीचं. पावसाळा संपेपर्यंत मात्र हात बसला. डिंभ्याच्या रस्त्यावर उजवं वळण आणि डावं वळण सारखंच वाटायला लागलं. आईला घेऊन ओझरच्या यात्रेला गेले तेव्हा ती मागे गोणपाटावर बसून झोपून गेली.

नवऱ्याने त्या सगळ्या दिवसांत गाडी फारशी चालवली नाही. तो दुकानात असायचा. पुढच्या उन्हाळ्यात शर्यत लागली तेव्हा तो हसत हसत गाडीत बसला. मागच्या वर्षीची पहिली गाडी, वर आता नीट केलेली. पहिल्याच वळणावर त्याने गेल्या वर्षीसारखं नाक आत घातलं आणि शेपूट यायची वाट बघितली. शेपूट आलंच नाही. गाडी रुसलेल्या जीपेसारखी सरळ गेली आणि पिंप घेऊन बांधाला लागली. तो शेवटून दुसरा आला.

घरी येऊन तो ओट्यावर बसला. मग मला म्हणाला, "सरळ केली म्हणून बिघडली, असं कसं असंल?"

मामांकडे उत्तर होतं, पण ते त्याला पटण्यासारखं नव्हतं: आपण देवाची गाडी सुधारायला गेलो, असं ते म्हणाले. आमच्या घरात देवाच्या जागी बुद्धाची तसबीर, तेव्हा देवाची गाडी म्हणजे काय हे त्यांना विचारायची सोय नव्हती. नवरा वर्कशॉपात गेला तर मिस्त्री म्हणाला टायर बदला, मिस्त्रीचा भाऊ म्हणाला स्प्रिंग बदला, आणि तिथे बसलेला एक ट्रकवाला म्हणाला, राव, तुमचा पायच जड हाये. तो घरी आला तेव्हा गेला होता त्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता. शेवटी विचार करून करून तो या मुद्द्यावर आला की माळावर सगळी वळणं डावीच असतात, तेव्हा वाकडी गाडीच तिथे बरोबर. त्याने घराच्या माळ्यावर टाकलेली जुनी आखूड लिंक शोधून काढली आणि माझ्याकडे नट खोलायचे पाने मागितले.

मी पाने दिले नाहीत. आमच्या लग्नानंतर मी त्याला स्पष्ट नाही म्हटल्याची ती पहिली वेळ असावी. मी म्हटलं, "मला ती रोज चालवायचीय. तुमाला वर्षातून एकदा."

तो लिंक हातातच घेऊन खाली बसला. मामा बाहेर निघून गेले. मग तो म्हणाला की दुसरं काहीतरी बघतो.

दुसरं म्हणजे त्याने मागच्या स्प्रिंगांखाली रबराच्या जाड चकत्या घातल्या. माळावर दगड लागतात, पोट घासतं, म्हणून गाडी मागून थोडी उचलायची, एवढाच त्याचा हेतू होता. लिंक सारख्याच होत्या, त्यांना हात लावला नव्हता. मी निर्धास्त गाडी काढली. कॅनॉलच्या डाव्या वळणावर खडी आली आणि शेपूट सुटलं, अगदी जुन्या दिवसांसारखं. मला वाटलं याने मला न सांगता लिंक बदलली. पुढे उजवं वळण आलं आणि तिथेही सुटलं, दुसऱ्या बाजूला. मी गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. डावी लिंक नवीच होती. वस्तीवरून पंप भरला आणि परत निघाले तर गाडी शहाण्यासारखी आली, ना डावीकडे शेपूट ना उजवीकडे. घरी पंप उतरवून नवऱ्याला बसवून नेलं तर पुन्हा तेच. मी त्याला म्हटलं की एक तर गाडीला झालंय काहीतरी नाहीतर मला.

तो दोन दिवस त्यावर बोलत होता. मग एका दुपारी दुकान बंद ठेवून त्याने गाडी ओट्यावर घेतली, स्वतः खाली झोपला, आणि मला व मामांना सांगितलं की दोघं उजव्या दाराच्या उंबऱ्यावर बसा. आम्ही बसलो. गाडी उजवीकडे कलली. तो खालून म्हणाला, उतरा. उतरलो. पुन्हा बसा. पुन्हा बसलो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघू लागली, सासरा आणि सून गाडीच्या दारात बसतात आणि उतरतात. एकाने काळजीने विचारलं, "काय पावणं, गाडी आजारी हाये का?" मामा म्हणाले, "गाडी न्हाई, ह्यो आजारी हाये."

खालून मात्र नवऱ्याला काहीतरी दिसलं होतं. गाडी उचलल्यामुळे लिंकांची पुढची टोकं वर गेली होती आणि त्या मागच्या बाजूला उतरत्या झाल्या होत्या. ज्या अंगाला गाडी कलते त्या अंगाची लिंक आडवी होते आणि चाक केसभर मागे ढकलते. दुसऱ्या अंगाची आणखी तिरकी होते आणि चाक केसभर पुढे ओढते. म्हणजे वळणावर गाडी कलली की अॅक्सल आपोआप वाकडा होतो. डाव्या वळणावर एकीकडे, उजव्या वळणावर दुसरीकडे, आणि सरळ रस्त्यावर पुन्हा सरळ. पंप भरला की मागचं अंग दबतं, लिंक आडव्या होतात आणि ही भानगडच राहत नाही. तो बाहेर आला तेव्हा पाठीला माती होती आणि तोंड उजळलं होतं. मला त्याचं म्हणणं ऐकताना पटत होतं आणि तो थांबला की पुन्हा निसटत होतं. मामांना ऐकतानाही पटलं नाही. लांबी बदलली नाही तर चाक मागं जाईल कसं, हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले.

तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी एक वेगळंच घडलं. गावातल्या काही वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली की प्रदक्षिणा कायम उजव्या अंगाने असते आणि ही पोरं दोन वर्षं उलट्या फेऱ्या मारतायत. मधल्या वर्षी पाऊस लांबला तो त्यामुळेच. पोरांना वाद नको होता. त्यांनी फेऱ्या फिरवल्या. आता सगळी वळणं उजवीकडची.

नवऱ्याला आनंद झाला. बाकीच्यांना जमणार नाही, आपली गाडी दोन्हीकडे सारखी, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. पण तो गाडीत बसला, पहिल्या उजव्या वळणावर शेपूट सुटलं, आणि त्याचे हात गेले भलतीकडेच. उजवीकडे न वळणारी ती जुनी गाडी त्याच्या हातात अजून बसलेली होती. त्याने जोर करून आणखी उजवीकडे वळवलं. गाडी स्वतःभोवती फिरली आणि जिकडून आली तिकडेच तोंड करून धुळीत बंद पडली. लोक हसले.

त्या वर्षी प्रत्येक गाडीला दोन संधी होत्या. तो आमच्यापाशी आला, पाणी प्यायला, आणि मला म्हणाला, "तू चालव. तुला डावं उजवं सारखंच हाये. मला न्हाई."

मी मामांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी नाही म्हणायला काहीतरी शोधत होते तोपर्यंत पोरांनी गाडी ढकलून सुरुवातीच्या रेघेवर आणून ठेवलीसुद्धा. मी पदर कमरेला खोचला आणि बसले.

मला त्या तीन फेऱ्यांतलं फार थोडं आठवतं. धुळीत पिंपं दिसत नव्हती. पहिल्या वळणावर शेपूट सुटलं आणि मी रोज कॅनॉलवर करायची तेच केलं. पाय थोडा सैल सोडला, स्टिअरिंग थोडं उलटं दिलं आणि थांबले. ती वळली. दुसऱ्या वळणावर वळली. तिसऱ्या फेरीत मी फेऱ्या मोजायचंच विसरले आणि चौथी मारायला निघाले. पीटीचे सर हातवारे करत धावत आले, तेव्हा मला वाटलं मी कुणाला तरी ठोकलं.

मी दुसरी आले. पुढे एक ओतूरची जीप होती. माइकवाला पोरगा माझ्यापाशी वही न घेता नुसताच आला आणि म्हणाला, ताई, नाव सांगा. मी अजून तोंडावरची धूळ पुसत होते. मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि तो पळत गेला. मग भोंग्यावरून सगळ्या माळभर माझं माहेरचं नाव घुमलं. लग्नानंतर ते कुणी उच्चारलंच नव्हतं. बांधावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली की ही कोण. माइकवाल्याने पुन्हा पुकारलं. मीसुद्धा क्षणभर मागे वळून बघितलं.

नवऱ्याला आधी कळलं. तो हसायलाच लागला, इतका की त्याला खाली बसावं लागलं. मामा म्हणाले, "जा पोरी, तुलाच बलावत्यात." मी गेले. बक्षीस स्टीलची कळशी होती. मला ती घेताना नमस्कार करायचा की हात मिळवायचा हे कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

पुढच्या वर्षी त्या माळावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले आणि शर्यत बंद पडली. गाडी आम्ही आणखी काही वर्षं वापरली, मग एक टेम्पो घेतला. त्या दिवशी नक्की काय वळलं, गाडी की माझे हात, यावर आम्ही नवरा-बायको अजूनही बोलतो. तो अजून ताटात दोन चमचे ठेवून मला लिंक समजावतो. मी मान हलवते. चमचे उचलून भाताला घेतले की माझा पुन्हा गोंधळ होतो.